लंडनला आईबाबांना घेऊन निघालेय. काय चुकतं आपलं तिथे?

निघाले_एकदाची

मंडळी, सप्टेंबरमध्ये आठ दिवस लंडन. बरोबर आई (६८, गुडघे कुरकुरतात) आणि बाबा (७२, दगडाशीसुद्धा गप्पा मारतात). काय बघायचं याची यादी माझ्याकडे ढिगाने आहे, ती कृपया देऊ नका.

मला हवंय ते वेगळंच. तिथले लोक तोंडावर बोलत नाहीत म्हणे, नुसत्या आठ्या घालतात. मग आपलं नेमकं काय चुकतं हे कळणार कसं? दुसरं म्हणजे सुरक्षा. फोन हिसकावतात हे ऐकल्यापासून बाबांनी कपाटातून जुना बटणांचा फोन काढून चार्जिंगला लावलाय.

आणि एक छोटा प्रश्न. बाबा गाडीत शेजारच्याशी बोलणार म्हणजे बोलणारच. त्यांना आधीच तंबी देऊन ठेवू का?

टेम्सकाठी

अकरा वर्षं इथे आहे, त्यामुळे थोडं अधिकाराने बोलते. :)

सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांना मोकळी. हे तुम्ही ऐकलं असेलच. पण आपली माणसं नियम मोडतात ती उद्धटपणे नाही, प्रेमाने मोडतात. नवरा-बायको शेजारी-शेजारी हात धरून उभे, मधे बॅग, मागे पंधरा माणसं ऑफिसला उशीर झालेली. एकामागे एक उभं राहा, बोलणं वर गेल्यावर.

दुसरी जागा म्हणजे तिकिटाचं गेट. कार्ड गेटसमोर पोचल्यावर पर्सच्या तळातून शोधायचं नसतं, दहा पावलं आधीच हातात हवं. आणि गेट पार झाल्यावर जागच्या जागी थबकून "आता कुठे?" म्हणायचं नाही. माझ्या सख्ख्या मावशीने हे ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनवर संध्याकाळी साडेपाचला केलं. मागचा माणूस तिच्यावर आदळला, त्याच्यावर तिसरा. तिघंही "सॉरी" म्हणाले. मावशी म्हणाली, "किती नम्र लोक आहेत गं!" मी त्यांचे चेहरे बघत होते.

गाडीत आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या, दाराच्या बाजूला उभे राहा. आत शिरलं की दारापाशी न थांबता आत सरका. पाठीवरची सॅक काढून पायाशी ठेवा.

आणि व्हिडिओ कॉल स्पीकरवर नको. एवढी एक गोष्ट केलीत तरी निम्मं लंडन तुम्हाला दुवा देईल. (उरलेलं निम्मं स्वतःच स्पीकरवर गाणी वाजवतंय हल्ली, तो भाग वेगळा.)

उचकी

सगळ्यात मोठा नियम राहिला. तुमच्या पायावर कुणी पाय दिला तर सॉरी तुम्ही म्हणायचं.

शंकासुर

सरकत्या जिन्याबद्दल थोडं वाकडं बोलतो. 'डावी बाजू मोकळी' हे पवित्र मानतात, पण टीएफएलनेच (लंडनची वाहतूक चालवणारी संस्था) हॉबर्न स्टेशनवर २०१५ मध्ये तीन आठवडे आणि २०१६ मध्ये सहा महिने दोन्ही बाजूंना उभं राहायला सांगून पाहिलं. गर्दीच्या वेळी जास्त माणसं वर गेली! कारण सोपं आहे. जिना उंच असला की चालत जायला फार कुणी तयार नसतं, डावी बाजू अर्धी रिकामीच सरकत राहते आणि खाली उजव्या बाजूसाठी ही रांग. म्हणजे ज्याला शिस्त म्हणतात ती खरं तर घाईवाल्या चार जणांची सोय आहे.

टेम्सकाठी

@शंकासुर, मी त्या काळात हॉबर्नवरूनच जायचे. आकडे तुमच्या बाजूने असतील, पण लोकांचे चेहरे नव्हते. प्रयोग संपला आणि सगळे गुमान उजवीकडे परत आले. बाबांनी तिथे जाऊन गणित समजावून सांगू नये, एवढीच विनंती.

उचकी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). "एक्सक्यूज मी, टू थाउजंड सिक्स्टीनच्या प्रयोगानुसार..."

पावसाळी_बूट

फोनचं मी सांगतो, कारण माझा गेलाय.

मागच्या वर्षी, दुपारचे तीन, लख्ख ऊन. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मागच्या एका गल्लीत मी फुटपाथच्या कडेला उभा राहून नकाशा बघत होतो. मागून इलेक्ट्रिक सायकल आली, आवाजच नाही. डोक्यावर टोपी ओढलेला, तोंड झाकलेलं. धक्का नाही, मारामारी नाही. पाठमोरा माणूस दूर जाताना दिसला तरी माझी बोटं फोन धरल्यासारखीच वाकलेली होती आणि अंगठा नकाशा मोठा करायला पुढे सरकलेला.

फोन गेल्याचं दुःख दहा मिनिटांचं. खरी पंचाईत पुढे. हॉटेलचं नाव फोनमध्ये. बायकोचा नंबर फोनमध्ये, मला पाठ नाही. परतीचं तिकीट फोनमध्ये. ट्यूबने (भुयारी रेल्वेने) हॉटेलवर जावं तर कार्डही फोनमध्येच. एका दुकानातल्या मुलीने तिचा संगणक वापरू दिला, तर ईमेल उघडायचा कोड आला कुठे? चोराच्या हातातल्या फोनवर.

तेव्हा निघण्यापूर्वी:
कागदावर हॉटेलचा पत्ता आणि दोन फोन नंबर, प्रत्येकाच्या खिशात वेगळा कागद. एक जादा कार्ड हॉटेलच्या खोलीत. फोनमध्ये स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर (फोनचा ओळख क्रमांक) दिसतो, तो लिहून ठेवा, तक्रार करताना विचारतात. आयफोनवाल्यांनी 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' चालू करा, २०२४ मध्ये आलंय. अँड्रॉइडमध्येही हिसका बसला की पडदा आपोआप कुलूपबंद करणारी सोय आलीय, सेटिंगमध्ये शोधा.

पोलिसांकडे १०१ वर किंवा ऑनलाइन तक्रार होते. फोन परत मिळेल ही आशा सोडा, पण तक्रारीचा नंबर विम्याला लागतो. चोर समोर असेल, कुणाला इजा झाली असेल, तर मात्र थेट ९९९.

जुना_भिडू

इतकं घाबरवू नका हो त्यांना. आठ वर्षं राहिलो, रात्री बाराला चालत घरी आलो, एकदाही काही झालं नाही. लंडनमध्ये लाखो लोक रोज फोन हातात धरून चालतात. बाबांचा बटणांचा फोन म्हणजे अतीच झालं.

पावसाळी_बूट

@जुना_भिडू, मलाही आठ वर्षांत काही झालं नव्हतं. नवव्या वर्षी झालं.

मावळतीची_बस

दोघंही बरोबर. पण वरच्या प्रतिसादांत एक गंमत दिसली का? टेम्सकाठी म्हणतात वाटेत थबकू नका, लोकांची अडचण होते. बूटकाका म्हणतात कडेला थबकू नका, फोन जातो. म्हणजे उपाय एकच. फोन बघायचाय? रस्त्याकडची कड सोडा, भिंतीला पाठ लावा किंवा सरळ दुकानात शिरा आणि मग काय तो नकाशा बघा. मी मुलांना 'भिंत!' एवढा एकच शब्द शिकवला होता. तीन दिवसांनी तीच मला ओरडायला लागली.

आणखी एक, जे आपल्याला विशेष लागू. लंडनमध्येही वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे आपण गाफील असतो. रस्त्यावर 'लुक राइट' रंगवलेलं असतं ते इतरांसाठी, असं वाटतं. पण एकेरी रस्त्यांवर 'लुक लेफ्ट'ही लिहिलेलं असतं, आणि टेम्सच्या काठाने जाणाऱ्या सायकलमार्गावर दोन्ही दिशांनी सायकली येतात. काही बसथांबे तर असे आहेत की फुटपाथ आणि थांबा यांच्या मधून सायकलचा पट्टा जातो. बसमधून उतरून फुटपाथकडे दोन पावलं टाकलीत की तुम्ही सायकलवाल्याच्या पुढ्यात. ते थांबत नाहीत आणि सॉरीही म्हणत नाहीत.

शंकासुर

झेब्रावर मात्र गाड्या थांबतात. काळ्या-पांढऱ्या खांबावर पिवळा लुकलुकणारा गोळा दिसला की समजा तुमचा हक्क. ते गोळे १९३४ चे, तेव्हाचे वाहतूकमंत्री होर-बेलिशा यांच्यावरून त्यांना 'बेलिशा बीकन' म्हणतात. गाडी थांबते आहे हे बघून पाऊल टाका, पण एकदा टाकलं की रेंगाळत हात दाखवत बसू नका, सरळ जा.

उचकी

झेब्रावरून आठवलं. बीटल्स बँडचा १९६९ चा तो ॲबी रोडवर चार जण रस्ता ओलांडतानाचा फोटो काढायचा असेल तर स्टेशन सेंट जॉन्स वुड. 'ॲबी रोड' नावाचं डीएलआरचं (ही वेगळी, हलकी रेल्वे) स्टेशन आहे, ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी तिथे गेलो होतो. झेब्रा नव्हता. माझ्यासारखे तिघं जण मात्र होते, म्हणजे फोटोपुरते चार झालो.

मीच_तो

वेस्टमिन्स्टर पुलावरच्या तीन वाट्या आणि एका चेंडूच्या खेळाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? जमिनीवर चटई, भोवती पाच-सहा जण, त्यातला एक जिंकतोय आणि नोटा मोजतोय. तो जिंकणारा त्यांचाच. पैसे काढून हरणारी बाईही त्यांचीच. तुम्हाला चेंडू कुठे आहे ते अगदी स्पष्ट दिसतं, आणि तिथेच तुम्ही संपता. माझे एक काका हिशेबतपासनीस, आयुष्यभर लोकांच्या चोऱ्या पकडल्या. चाळीस पाउंड घालवून आले. अजून म्हणतात, "डावीकडच्या वाटीत होता."

नुसतं बघायलाही थांबू नका. गर्दीत सगळ्यांचे डोळे वाट्यांवर असतात तेव्हा खिशांकडे कुणाचे असतात ते ओळखा.

वेस्ट एंडात (नाट्यगृहांच्या भागात) रात्री लुकलुकत्या दिव्यांच्या, गाणी लावलेल्या सायकलरिक्षा दिसतील. आईंच्या गुडघ्यांसाठी बसावंसं वाटेल. बसण्याआधी पूर्ण प्रवासाचा, सगळ्यांचा मिळून आकडा विचारा, 'मिनिटाला इतके' या भाषेत अडकू नका. त्यांना आवर घालण्यासाठी २०२४ मध्ये खास कायदा करावा लागला, यातच काय ते आलं.

काळी टॅक्सी रस्त्यात हात दाखवून थांबवता येते, वरचा पिवळा दिवा लागलेला असला की ती रिकामी. बाकी कुठलीही खासगी गाडी आधी बुक केलेलीच हवी. स्टेशनबाहेर येऊन "टॅक्सी, टॅक्सी?" म्हणत कानाशी लागणाऱ्याबरोबर जाऊ नका.

गुडघेदुखे

आईंसाठी मी लिहिते, नावावरून कळलंच असेल.

१. हीथ्रोहून सामान घेऊन एलिझाबेथ लाइन. तिच्या सगळ्या स्टेशनांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट किंवा उतार आहे. पिकॅडिली लाइन स्वस्त, पण पुष्कळ स्टेशनांवर बॅगा उचलून जिने चढावे लागतात.

२. कॉव्हेंट गार्डन स्टेशनवर लिफ्टसाठी गर्दी असते, मग कुणीतरी म्हणतं "चला, जिन्याने जाऊ." नाही! गोल गोल १९३ पायऱ्या आहेत. मी शंभराव्या पायरीवर बसले होते, मागे रांग, पुढे रांग, आणि सगळे "आर यू ऑलराइट?" विचारून जात होते. लेस्टर स्क्वेअरला उतरून चालत जा, तीनशे मीटरसुद्धा नाही.

३. स्वच्छतागृह. वॉटर्लू, व्हिक्टोरिया, पॅडिंग्टन, किंग्ज क्रॉस अशा मोठ्या रेल्वे स्टेशनांवर २०१९ पासून फुकट. संग्रहालयांत फुकट. ट्यूबच्या स्टेशनात असेलच असं नाही. दिवसाचा आराखडा मी यावरच करते, हसू नका.

४. बसायला जागा हवी तर नुसतं अपेक्षेने बघत उभं राहू नये. माणसं फोनमध्ये असतात. "कुड आय सिट डाउन, प्लीज?" म्हटलं की तिघं उठतात.

टेम्सकाठी

+१. आणि कार्डाचं सांगायचं राहिलं. ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा तेच कार्ड टेकवायचं. 'तेच' म्हणजे अगदी तेच. आत जाताना प्लास्टिकचं कार्ड आणि बाहेर पडताना फोनमधलं तेच कार्ड वापरलंत, तर यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि दोघांनाही जास्तीत जास्त भाडं लागतं. तिघांना तीन कार्डं लागतील, एकाच कार्डावर तिघं नाही जाऊ शकत. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं. रोख पैसे बसमध्ये २०१४ पासून बंद आहेत, ड्रायव्हरशी वाद घालू नये.

दुकानात किंवा एटीएमवर यंत्राने विचारलं की पाउंडात देता की तुमच्या चलनात, तर पाउंड म्हणा. घरचं चलन दिसलं की बरं वाटतं, त्या बरं वाटण्याचेच ते पैसे घेतात.

अश्वत्थाचं_पान

अवांतर आहे, पण 'माइंड द गॅप'चा (फलाट आणि गाडीमधली फट सांभाळा) विषय निघालाच नाही म्हणून. एम्बँकमेंट स्टेशनवर नॉर्दर्न लाइनच्या उत्तरेकडे जाणाऱ्या फलाटावर ही सूचना वेगळ्याच, जुन्या आवाजात ऐकू येते. तो ऑस्वल्ड लॉरेन्स नावाच्या नटाचा आवाज. ते २००७ मध्ये गेले. त्यांची पत्नी नुसता तो आवाज ऐकायला फलाटावर येऊन बसायची, कधीकधी एक गाडी मुद्दाम सोडायची. २०१२ मध्ये नवी यंत्रणा आली आणि आवाज गेला. त्यांनी चौकशी केली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी जुनं ध्वनिमुद्रण शोधून काढलं आणि २०१३ मध्ये त्या एका फलाटावर परत लावलं.

आईबाबांना घेऊन जाच.

उचकी

काय हे. ऑफिसात बसून वाचत होतो.

जुना_भिडू

पबबद्दल. टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, बारपाशी जाऊन मागायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. तिथे रांग दिसत नाही, पण असते, प्रत्येकाच्या डोक्यात. आधी कोण आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. नोट हलवायची नाही, चुटकी तर अजिबात नाही. बारवाल्याने चुकून आधी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही "हे माझ्या आधी होते" म्हणालात, तर तुम्हाला तिथलंच समजतील.

रेस्टॉरंटच्या बिलात बहुधा साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं. बिल वाचा, वर पुन्हा टीप ठेवू नका. नळाचं पाणी मागा, दारूचा परवाना असलेल्या जागी ते फुकट द्यावंच लागतं. आणि पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवू नका (हे मी, 'घाबरवू नका' म्हणणारा, सांगतोय).

शंकासुर

हॉर्स गार्ड्सला (घोडेस्वार सैनिकांचा पहारा असतो तिथे) घोड्यांसोबत फोटो काढताना लगामाला हात लावू नका. घोडा चावतो किंवा लाथ मारतो अशी पाटीच आहे तिथे. एक बाई पाटीलाच टेकून उभी राहिली होती, घोड्याने तिच्या ओढणीचं टोक शांतपणे तोंडात घेतलं. वर बसलेला सैनिक समोर बघतोय, नजर तसूभर हलली नाही. बाई ओढतेय, घोडा चघळतोय, नवरा व्हिडिओ काढतोय.

निघाले_एकदाची

वाचनखूण साठवली, छापूनही घेतलं. आई १९३ पायऱ्यांवर लाल वर्तुळ काढून बसलीय. पण माझा शेवटचा प्रश्न सगळ्यांनी शिताफीने टाळलाय. बाबांचं काय करू?

टेम्सकाठी

तंबी द्या. सकाळच्या ट्यूबमध्ये अनोळखी माणसाशी बोलणं म्हणजे त्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं इथे.

गुडघेदुखे

असहमत. वेळ आणि जागा सांगा, बंदी नको. सकाळी ट्यूबमध्ये नाही. पण दुपारच्या बसमध्ये शेजारी म्हातारी बाई असेल, बागेतल्या बाकावर कुणी कुत्रं घेऊन बसलं असेल, तर खुशाल. कुत्र्याशी आधी बोलायचं, मग मालकाशी. आणि गाडी बोगद्यात पाच मिनिटं थांबली की सगळ्यांनाच बोलायला चालतं. "किती पगार?", "लग्न झालं का?" एवढं टाळा. हवामान हा विषय कधीच संपत नाही.

मीच_तो

फक्त रस्त्यात स्वतःहून येऊन गळ्यात पडणाऱ्यांशी नको. फुलं हातात कोंबणारे, सह्या मागणारे, साध्या कपड्यांत "पोलिस आहे, पाकीट दाखवा" म्हणणारे. पाकीट द्यायचं नाही, चालत राहायचं. कुणी मागून हाका मारल्या तरी वळायचं नाही, हे बाबांना घोटून सांगा.

निघाले_एकदाची (ऑक्टोबर)

परत आलो! आधी हिशेब देते. फोन तिघांचेही शाबूत. जास्तीचं भाडं एकदा बसलं, कार्ड-फोनची तीच चूक, आणि ती मी केली. एम्बँकमेंटला आईने दोन गाड्या सोडल्या.

आता बाबा. ट्यूबमध्ये गप्प होते, खरंच. २४ नंबरच्या बसमध्ये मात्र शेजारी एक बाई आली आणि खिडकीबाहेर बघून म्हणाली, "टिपिकल, इझंट इट." झालं. चार थांबे पाऊस, मग तिची नातवंडं, मग आमची. ट्रफल्गार स्क्वेअरला आम्ही घाईत उतरलो. बाबांचा तो बटणांचा फोन राहिला सीटवर.

आम्हाला पत्ताच नाही. मागून हाका येताहेत, "सर! सर!" बाबांना मीच_तो यांचा सल्ला तोंडपाठ. त्यांनी खिसा घट्ट धरला आणि चालण्याचा वेग वाढवला. ती बाई पळतेय, बाबा जवळजवळ पळताहेत, आई गुडघे धरून सिंहाच्या चौथऱ्यापाशी थांबली. शेवटी मी वळले. बाई बसमधून उतरून आली होती, हातात फोन, धापा टाकतेय. तिची बस निघून गेली होती.

उचकी

ते सगळं ठीक. सॉरी कोण म्हणालं?

निघाले_एकदाची

आधी ती.